अक्काचं औषध, पास्कूचा बर्फ

६ मे, मंगळवार

सकाळी सातला मीटर रूममधून धूर, साडेसातला वीज गेली. चेअरमन जिन्यात उभे राहून प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या भाषेत सांगताहेत की दोन-तीन दिवस लागतील. गुजरातीत तेच जरा आशादायक वाटतं.

फ्रिजमध्ये नासण्यासारखं फार काही नाही. कालचं वरण, बायकोचं, म्हणजे नीलाचं, इडलीचं पीठ आणि अक्काचं इन्सुलिन. दोन नव्या बाटल्या, एक चालू. चालू बाटली नीलाने ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलीय. नव्या दोन्हींचं काय करायचं?

अक्काचं ऑपरेशन ३ जूनला. उजवा डोळा दहा वर्षांपूर्वीच गेला, डाव्यात मोतीबिंदू पिकलाय. सर्जनची अट एकच, उपाशीपोटीची साखर दीडशेच्या आत हवी. "हा एकच डोळा उरलाय, मी धोका पत्करणार नाही," म्हणाले. सध्या १३५-१४०, म्हणजे ठीक. सुई सकाळ-संध्याकाळ मी देतो. अक्का म्हणते, संस्कृतात एम. ए. केलेल्या भावाचा तिला झालेला हा पहिला उपयोग. थोरली बहीण, अडुसष्ट वर्षांची, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त. तिला उत्तर देऊन कोणी जिंकल्याचं स्मरत नाही.

७ मे, बुधवार

उत्तनला गेलो. १ जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी बर्फाच्या कारखान्यावर लेख हवाय संपादकांना. "जरा थंड लिहा, वाचक उकडलेत."

पास्कू बरोबर होता. त्याची बोट आहे, माझी त्याची ओळख बारा वर्षांची. कारखान्यात त्यानेच फिरवलं. मोठ्या हौदात मिठाचं पाणी, शून्याखाली गेलेलं, तरी पातळच. त्यात गोड्या पाण्याचे उभे पत्र्याचे डबे बुडवलेले. बर्फ डब्याच्या भिंतीपासून आत आत धरत जातो, सगळ्यात शेवटी मधला गाभा. पाण्यातला जो काही गाळ असेल तो ढकलला जात त्या गाभ्यात जमतो, म्हणून लादीचं पोट पांढरं. मी विचारलं, "म्हणजे थंडी बाहेरून आत शिरते?" पास्कू हसला. "थंडी कुटची शिरते भाऊ? आतली गरमी भायेर काडतात. वर गच्चीवर जाऊन बग, तितं टाकतात ती." गेलो. खरंच, गच्चीवरल्या पाइपांपाशी उभं राहवेना.

मग त्याच्या घरी. अंगणात फायबरच्या दोन पेट्या, आत कुटलेला बर्फ. लांब जायच्या सुरमईवर तो भाईंदरच्या मिठागरातलं जाडं मीठ मूठमूठ मारतो. "मीठ मारलं का बरफ चावतो." हात घालायला लावला. खरोखर चावला. अर्धं मिनिट बोटं माझी राहिली नव्हती. मीठ घातल्यावर बर्फ वितळायला लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता शेजारच्याकडून ओरबाडतो. वहीत लिहून घेतलं.

बाटल्यांचं मीच बोललो. पास्कू म्हणाला, "आन की माज्याकडं. बरफाला काय तोटा?" बर्फ मिळेल म्हणून पिशवीत घेऊनच निघालो होतो, लगेच दिल्या. दोनदा बजावलं, चांगलं थंड ठेव हं, अक्काचा डोळा त्याच्यावर आहे.

९ मे, शुक्रवार

दुपारी वीज आली. मजल्यामजल्यावरून टाळ्या.

संध्याकाळी पास्कूची बायको मेरी बसने येऊन स्टीलच्या डब्यात बाटल्या देऊन गेली. लेबलं ओली, बाकी ठीक. वर सुके बोंबील. अक्काने डबा नाकाशी धरून विचारलं, "यातलं औषध कुठलं?" मेरी तोंडाला पदर लावून हसत सुटली.

११ मे, रविवार

लेख आला. 'चावणारा बर्फ'. संपादकांनी नेहमीप्रमाणे संस्कृत तेवढं काढलं. पाण्याचा स्पर्श मुळातच शीत, असं आम्हाला न्यायदर्शनात शिकवलेलं, आणि उत्तनचा एक नाखवा म्हणतो की शीत असं काही नसतंच, नुसती उष्णतेची ने-आण. हा वाद फार रंगवला होता. तो गेला. मिठाचा परिच्छेद राहिला. लोकांना आवडला म्हणे.

जुनी बाटली काल संपली. नवी फोडली.

१३ मे, मंगळवार

उपाशी २१२.

मशीनवर संशय म्हणून पट्टी बदलली. २०८. अक्काला विचारलं, "काल रात्री गुलाबजाम कुठे केलेस?" म्हणाली, "तुझ्या लेखातले गोड शब्द ऐकले नीलाकडून, त्याने झालं असेल."

१५ मे, गुरुवार

२५६.

नीलाच्या भावाने आंब्याची पेटी पाठवलीय, परवापासून पलंगाखाली पिकतेय. अक्काच्या पलंगाखाली. पेटीवर दोन डझन लिहिलेलं, मी मोजले तर बावीस. दोन कुठे? नीला क्लासला गेलेली. अक्का जपमाळ ओढत बसलेली, चेहऱ्यावर परम शांती.

मी सहज म्हटलं, "अक्का, आंबा न चिरताही खाता येतो नाही?"

माळ थांबली. "म्हणजे?"

"काही नाही. साल वास धरते, एवढंच."

थट्टाच केली. पण तिने ती थट्टा म्हणून घेतली नाही. आणि मीही पुरती थट्टा म्हणून केली नव्हती.

१६ मे, शुक्रवार

२७१. पेटी माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्लीचा आवाज तिने ऐकला. डोळा गेला तरी पस्तीस वर्षं कानावर हेडफोन होता तिच्या.

"मुकुंद, मंत्र्यासंत्र्यांची बोलणी या कानातून गेली. एक शब्द बाहेर काढला नाही कधी. आणि आता आंब्यासाठी खोटं बोलेन मी?"

मी म्हटलं, मशीन तर खोटं बोलत नाही ना. हे म्हणायला नको होतं.

रात्री नीलाकडून कळलं, दोन आंबे तिने वॉचमनच्या पोराला दिले. अक्काला सांगायला हवं. उद्या.

१८ मे, रविवार

सांगितलं नाही. साखर मात्र अजून २६०, मग बाकीचं कुठून येतंय? आंबा नाही तर दुसरं काही. देवघरातली खडीसाखर नीलाने मुकाट्याने उचलली. अक्काला वास येतो सगळ्याचा, याचाही आला.

१९ मे, सोमवार

अक्काला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी साखरेची वही पाहिली, तिच्याकडे पाहिलं. "आजी, खरं सांगा, पथ्य पाळताय?" ती माझ्या दिशेला तोंड करून म्हणाली, "याला विचारा. माझं सगळं हल्ली कुलुपात असतं."

डोस वाढवला. सकाळी १८ युनिट होते ते २८, संध्याकाळी १० चे १६. म्हणाले, आठवड्यात उतरलं नाही तर ३ तारीख विसरा. पुढची तारीख ऑगस्टमध्ये. तोवर हा मोतीबिंदू इतका कडक होईल की ऑपरेशन अवघड जाईल.

रिक्षात काशीमीऱ्याच्या सिग्नलला म्हणाली, "ऑगस्ट म्हणजे लांब आहे रे."

२१ मे, बुधवार

२९४. वाढीव डोसवर!

अक्काने जेवण सोडल्यात जमा. सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी ताक. नीला रागावली तर म्हणाली, "पुरावा नको राहायला." वजन उतरलंय. तहान तहान करते, माठ निम्मा तिचाच.

बाटली तळहातावर घोळवताना आज नीट पाहिलं. हे इन्सुलिन दुधासारखं पांढुरकं असतं, घोळवलं की एकसारखं होतं. आज कण दिसले. काचेला आतून चिकटलेले, बारीक रव्यासारखे. नीला म्हणाली, "नासलेल्या दुधासारखं दिसतंय." मी म्हटलं, तळाशी बसलंय, जास्त घोळवायला हवं. जास्त घोळवलं. कण तिथेच.

दिली सुई.

२२ मे, गुरुवार

हे सलग लिहून काढतो, नाहीतर उद्या मी त्याला वेगळं वळण देईन.

दहाला पास्कूचा फोन. त्याच्या मुलीने माझा लेख त्याला आज वाचून दाखवला. खूश होता, आणि थोडा रुसलेलाही.

"भाऊ, सगलं लिवलंस. बरफ लिवला, मीठ लिवलं. पन तुज्या बहिनीचं औषद मी सुरमईवानी मीठ मारून ठेवलं, ता न्हाय लिवलंस?"

मी विचारलं, मीठ? औषधाच्या पेटीत?

"मंग? तू बोल्लास ना चांगलं थंड पायजे. साध्या बरफात कोन बी ठेवल. दोन दिस दगडासारकं ठेवलं मी. मेरीनं निघताना उन्हात धरलं तवा सुटलं."

मी त्याला काय म्हणालो आठवत नाही. बहुतेक धन्यवाद म्हणालो.

मग खोक्यातला कागद काढून भिंग घेऊन बसलो. दोन ते आठ अंशांत ठेवावे. गोठवू नये. एकदा गोठलेले वापरू नये. इतक्या बारीक अक्षरात की अक्काच्या डोळ्याची आणि माझ्या डोळ्याची पत एकच.

पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा पाणी. शंभर वेळा करा, पाण्याला काही आठवत नाही. मी सगळ्या वस्तूंना पाणी समजून चाललो. याच्यातलं मात्र आत काहीतरी एकमेकांना चिकटलं ते चिकटलंच, ऊन दाखवून सुटलं नाही. वरून पाहणाऱ्याला बाटली तीच, लेबल तेच.

आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझी बोटं त्या पेटीत होती. मीच ते छापलं, नावासकट.

दोन्ही बाटल्या टाकल्या. केमिस्टकडून नवी आणली, थर्मासमध्ये, साध्या बर्फात, तोही कापडात गुंडाळून. डॉक्टरांना फोन करायला हातात मोबाइल घेतला आणि ठेवला. काय सांगू? अक्काला चोर ठरवून मी तिचं औषध मारलं, असं? औषध बदललंय, आता होईल सगळं ठीक. नीलाला म्हटलं, बाटली खराब निघाली. अक्काला काहीच म्हटलं नाही.

संध्याकाळी नव्या बाटलीतून १६. काही त्रास नाही.

२३ मे, शुक्रवार

उपाशी १८८ होती, पाहून उड्या मारायचंच बाकी होतं. वहीत लिहिलेला डोस, २८, तो दिला. अक्काने अर्धी भाकरी खाल्ली. मी बातमी टाइप करत बसलो.

अकराला तिने हाक मारली. "आबा, दार लावा, पाऊस येतोय." आबा म्हणजे आमचे वडील. जाऊन पंचवीस वर्षं झाली. बाहेर लख्ख ऊन. आत गेलो तर ती पलंगावर बसलेली, साडी घामाने भिजलेली, ओठ पांढरे, हात चादर चाचपताहेत.

नीला धावत आली. मशीन लावलं. ४६.

नीला ओरडली, "साखर! अहो साखर आणा!" आणि साखरेचा डबा सापडेना, कारण मीच परवा तो लपवला होता आणि कुठे ते आठवेना. कपाट उघडलं, आंबा फोडला, रस हातानेच तिच्या तोंडात घातला. "गीळ अक्का. गीळ." ती तोंड फिरवत होती. "नको. मुकुंदला कळेल."

हे वाक्य तिने शुद्धीत म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त खरं.

वीस मिनिटांनी ८१. चाळीस मिनिटांनी डोळा उघडून म्हणाली, "माझ्या हनुवटीला काय लागलंय?"

डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं, मिठासकट. त्यांनी कोणत्या बाटलीतून किती दिला ते विचारलं. मग म्हणाले, "मेलेल्या औषधावर वाढवलेला डोस तुम्ही जिवंत औषधाचा दिलात. नवी बाटली आणलीत तेव्हा फोन करायला काय झालं होतं?" डोस पुन्हा पहिल्यासारखा, १८ आणि १०. आज संध्याकाळचा द्यायचाच नाही. दर तीन तासांनी तपासायचं.

फोन ठेवता ठेवता म्हणाले, "दोन-तीन दिवस माठाशेजारी ठेवलं असतं तरी काही बिघडत नव्हतं हो."

२४ मे, शनिवार

अक्काला सांगितलं. नीला समोर होती म्हणून सांगितलं. मीठ, बर्फ, गोठणं, कण. शास्त्र मी छान समजावलं. शास्त्र समजावताना माझा आवाज नेहमी स्थिर असतो.

तिने सगळं ऐकून घेतलं. "पास्कूला सांगू नकोस. त्याने जपलंच होतं."

मग थोड्या वेळाने, "आणि आंबे?"

मी म्हटलं, ते नीलाने वॉचमनकडे दिले होते.

"ते मला गेल्या रविवारी नीलाने सांगितलं. तुला कधी कळलं?"

"त्याआधीच्या शुक्रवारी."

"हं," म्हणाली. संध्याकाळची सुई तिने नीलाकडून घेतली. नीलाला सुईची भीती वाटते, डोळे मिटून देते.

२६ मे, सोमवार

२०४. उतरतंय, पण हळू. अक्का जेवतेय.

पास्कूचा फोन. बोट वर काढायची घाई चाललीय. सहज बोलला, "आमच्या शेजारची फिलूबाय बी आता तिचं सुईचं औषद माज्या पेटीतच ठेवते. तिचा फ्रिज मोडलाय. मी बोल्लो, भाऊच्या बहिनीचं मीच ठेवलेलं."

म्हणजे आता न सांगण्याची सोय उरली नाही. अक्काला विचारलं. म्हणाली, "फोनवर नको. जा."

२७ मे, मंगळवार

उत्तन. भर दुपारी पोचलो. पास्कू अंगणात जाळं आवरत होता. बसून सांगितलं. फार गोल गोल सांगत होतो, त्यानेच तोडलं. "म्हंजे मीठ मारलं म्हनून मेलं औषद?"

"हो. पण मीच म्हटलं होतं चांगलं थंड ठेव."

"आन तुजी बहीन?"

४६ सांगितलं. आबांचंही सांगितलं, का कोण जाणे.

तो उठला, पेटी उघडली, मिठाळ बर्फात कोपरापर्यंत हात घातला आणि डबा काढला. फिलूबायच्या दोन बाटल्या, पांढऱ्या, टणक. हातात धरून बराच वेळ उभा. बोटं लाल झाली तरी ठेवेना. "माजा बाप पन जपायचं ता मीठ मारूनच ठेवायचा," एवढंच म्हणाला.

फिलूबायकडे आम्ही दोघं गेलो. नशीब, तिने यातली अजून फोडली नव्हती. म्हातारी आधी पास्कूवर चिडली, मग माझ्यावर, मग दोघांना सरबत दिलं. नवी औषधं मी आणून दिली. मी निघालो तेव्हा पास्कू पुन्हा जाळं आवरायला बसला. मेरीने हात हलवला.

३० मे, शुक्रवार

१७१. काल १७६.

सोमवारी २ तारखेला सकाळी जो आकडा येईल तो सर्जनना कळवायचा. दीडशेच्या आत असेल तर मंगळवारी ऑपरेशन. नाहीतर ऑगस्ट.

अक्का आणि मी फक्त आकडे बोलतो. "किती?" "एकशे एकाहत्तर." "बरं." नीला म्हणते, तुम्ही दोघं हवामान खातं झालात. एकोणीसशे साठनंतर, म्हणजे मला वाचा फुटल्यापासून नाही, अक्काला फुटल्यापासून, आमच्या घरात इतकी शांतता नव्हती. हा विनोद मी तिला ऐकवला. तिने "बरं" म्हटलं.

१ जून, रविवार

आजपासून समुद्र बंद. अकराच्या सुमाराला बेल. दारात पास्कू, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात काही नाही. इतक्या वर्षांत तो आमच्याकडे रिकाम्या हाताने पहिल्यांदा आला.

बूट काढून सरळ अक्काच्या खोलीत. खुर्ची देत होतो, बसला नाही.

"बाय, माज्या हातनं चुकलं. तुमचा जीव जाता. माफी करा."

झालं. एवढंच. मी आठ दिवस शब्द जुळवतोय.

अक्का म्हणाली, "अरे, तू जपलंस रे. तुला कोणी सांगितलं नव्हतं. बस आधी." मग हात पुढे करून त्याचा हात शोधला, धरला. "बोटं भाजली होती म्हणे तुझी बर्फाने?"

"बरी हायेत आता."

"दाखव."

पास्कूने हात तिच्या डोळ्याशी नेला. तिला अर्थातच काही दिसलं नाही. तरी तिने नीट पाहिलं. मग चेहरा वळवला, मी होतो असं तिला वाटलं त्या बाजूला. तिथे कपाट होतं. मी खिडकीशी होतो.

मी म्हटलं, "चहा टाकतो." आणि स्वयंपाकघरात येऊन गॅस न लावता उभा राहिलो.

आत पास्कू विचारत होता, डोळा झाला की काय बघणार पहिलं? अक्का म्हणाली, ते उद्याच्या आकड्यावर आहे बाबा. आजचा १५८.

तो गेला. दुपारी पडल्या पडल्या ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली,

"नीलाला उद्या पहाटेच एका दिवसासाठी आईकडे निघायचंय ना?"

"हो."

"मग सकाळची सुई कोण देणार?"

नीला बॅग भरता भरता थांबली. माझ्याकडे पाहत राहिली. मी दारात उभा होतो. बोलायला तोंड उघडलं, आणि अक्का भिंतीकडे तोंड ठेवूनच वाट पाहत होती, पास्कूने म्हटलं त्या दोन शब्दांची.